साचलेलं काढणाऱ्या बाई

"जीभ दाखवा बघू."

बाई दारात आल्या की पहिलं वाक्य हे. कसे आहात, घरचे काय म्हणतात, ते सगळं मागाहून. समोर कोणी का असेना, त्याने आ करून जीभ बाहेर काढायची. बाई चष्मा कपाळावर चढवून, मान तिरकी करून बघायच्या. उजेड कमी वाटला तर माणसाला खांद्याला धरून उन्हाकडे वळवायच्या. जिभेवर पांढरा थर दिसला की समाधानाने मान हलवायच्या. "साचलंय. आत खूप साचलंय. काढायला हवं."

माझ्या सुनेची जीभ त्यांनी बघितली, विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसाची बघितली. एका रिक्षावाल्याची तर रिक्षा चालू असताना बघितली. तो बिचारा आरशात बघून जीभ काढत होता आणि समोरून डंपर येत होता. तुम्हीही अशी माणसं बघितली असतील. त्यांना एकच गोष्ट दिसते आणि मग सगळीकडे तीच दिसते. पण आमच्या बाईंसारखं सरळ माणूस तुम्हाला मिळायचं नाही, हे मी कोणाशीही भांडून सांगीन.

माझी वाडी वसईकडे, गासला. नारळ, केळी, थोडा मोगरा, आणि मधे बावखल. बावखल म्हणजे वाडीला पाणी द्यायला खणलेलं तळं. आमच्याकडे पूर्वी प्रत्येक वाडीत असायचं. आता बरीच बुजली आणि वर इमारती आल्या. माझं मी बुजू दिलं नाही. मुलगा अजून त्यावरून बोलतो. बोलू दे.

तर एक दिवस दुपारी ह्या बाई फाटक उघडून आत. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पायांत कॅनव्हासचे बूट. माझी जीभ बघून झाली आणि मग म्हणाल्या,

"तुमच्याकडे बावखल आहे म्हणे."

"आहे. मासे नाहीत त्यात."

"मासे नकोत. माती हवी. तळाची."

"कसली झाडं लावलीत?"

"झाडांना नाही हो. पोटाला."

उन्हाळ्यात बावखल उपसलं की तळाचा गाळ आम्ही नारळाच्या बुंध्यात घालतो. माझ्या बापाने घातला, आजाने घातला. माणसाच्या पोटावर घालायचा हे मी पहिल्यांदा ऐकलं. मी नाही म्हणालो. मी पहिल्यांदा सगळ्यालाच नाही म्हणतो. बाई उठल्या नाहीत. ओटीवर बसून त्यांनी माझ्या बायकोला सगळी हकीकत सांगितली. मुंबईत सरकारी ऑफिसात टायपिस्ट होत्या. तरुणपणी पोटाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळल्या होत्या. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, गुण नाही. मग कोणीतरी उपास, ताक आणि मातीच्या पट्ट्या सांगितल्या आणि त्यातून त्या उठल्या. "तेव्हाच ठरवलं, नोकरी संपली की हेच करायचं. मला मिळालं ते दुसऱ्याला द्यायचं."

माझी बायको डोळे पुसत आत आली. "द्या की माती त्यांना. चिखल तर हाय."

असा आमच्या वाडीत बाईंचा वर्ग सुरू झाला.

दर रविवारी सकाळी पूर्वेकडच्या आचोळ्याच्या इमारतींतली माणसं रिक्षा भरून रेल्वेच्या पुलावरून इकडे पश्चिमेला यायची. बाई तिकडेच राहायच्या, फ्लॅटमध्ये. ही सगळी माणसं नोकरदार. बसून बसून पोटं सुटलेली, चेहरे ओढलेले, रविवार मिळाला तरी हसू नाही. अंगणात चटया पडायच्या. बाई ओल्या फडक्यात मातीची पोळी थापायच्या आणि एकेकाच्या बेंबीवर ठेवत जायच्या. डोळ्यांवर छोट्या पट्ट्या. सगळे उताणे, गप्प. पहिल्या रविवारी माझी बायको कपडे वाळत घालायला बाहेर आली ती उलट्या पावली आत. "अवो, अंगनात मानसं सुकत घातलीत!"

नंतर मिठाचं कोमट पाणी. पोटाला तडस लागेपर्यंत प्यायचं, केळीच्या आडोशाला जायचं आणि घशात बोटं घालायची. मी बाईंना म्हणालो, यंदा त्या केळी बऱ्या आल्यात. त्यांना राग आला. "चेष्टा करू नका आबा. ती माणसं किती दिवसांचं ओझं टाकून जातात, तुम्हाला काय ठाऊक?"

हे मात्र खरं होतं. केळीतून बाहेर येताना माणसं वेगळी दिसायची. डोळ्यांत पाणी, पण चेहरा सैल. एक बँकेतला माणूस तर ओटीवर बसून रडला. पोटात काय होतं देव जाणे, पण इतकं मन लावून त्याची विचारपूस दुसऱ्या कोणी केली नसावी. बाई प्रत्येकाचं सगळं विचारायच्या. काय खाल्लं, झोप लागली का, साहेब ओरडला का, पोट कसं झालं. पोट कसं झालं हे तर इतकं बारकाईने विचारायच्या की माझी सून चहाचा कप खाली ठेवायची.

त्या वर्गातली तरुण मंडळी ह्याला 'डिटॉक्स' म्हणायची. बाई 'शुद्धी' म्हणायच्या. माझी बायको म्हणायची, पोटधुनी.

आणि पाणी. पाण्यावर बाईंचा भारी जोर. "प्या. उठल्यावर प्या, जेवणाआधी प्या, तहान नसली तरी प्या. नदी वाहती हवी, तसं शरीर वाहतं हवं." उभ्या उभ्या कोणी पाणी प्यायलं की "बसा! बसून प्या!" असं केवढ्यांदा ओरडायच्या. पलीकडच्या वाडीतला माणूस एकदा घाबरून खरंच खाली बसला होता.

मला त्यांनी चहा सोडायला लावला. मी सोडला, कारण माझी बायको म्हणाली की यांना जमनार नाय. डोकं ठणकलं, घरात सगळ्यांशी भांडलो, सुनेने माहेरी जायची धमकी दिली. पण पुढे अंग हलकं वाटायला लागलं. खोटं कशाला बोलू. वाटलं हलकं. नंतर मी पुन्हा चहा सुरू केला ती गोष्ट वेगळी.

बाईंचा पहिला पेशंट म्हणजे त्यांचे मिस्टर. वर्गाला माणसं कमी आली तर चटई रिकामी दिसू नये म्हणून ते आडवे व्हायचे. वेंगुर्ल्याकडचे. बारीक आवाजाचे, लाजरे. खासगी कंपनीत हिशेबनीस म्हणून आयुष्य काढलेलं. बाई सांगतील तो रस प्यायचे, सांगतील तेवढे उपास करायचे. फक्त मासळीचं नाव निघालं की डोळे ओले व्हायचे. एका रविवारी पोटावरची माती पुसून ते आमच्या मागच्या दाराशी आले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, बोंबील तळताय का?" तिने पाटावर बसवून वाढलं. मग ते दर रविवारी मागच्या दाराने यायला लागले.

बाईंना कळायचं. घरी निघताना त्या रिक्षाशी थांबवून म्हणायच्या, "जीभ दाखवा." मिस्टर जीभ काढायचे. बाई बघायच्या. "बोंबील."

"एकच गं."

"दोन. तुमचं तोंड खोटं बोलतं, जीभ नाही बोलत."

आणि मग हातांनी त्यांच्या शर्टावरचा मातीचा डाग झाडायच्या. आम्ही नवरा-बायको ओटीवरून बघत असायचो. माझी बायको म्हणायची, ही रागावत नाय वो, लाड करते.

पुढे मिस्टरांचे पाय सुजायला लागले.

आधी चप्पल घट्ट व्हायला लागली. मग त्यांनी त्यांच्या मुलीने घेतलेली मोठी सँडल घातली, पुढे तीही घट्ट झाली. बोटाने दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. तोंड सकाळी फुगलेलं. बोंबील वाढला तर म्हणायचे, नको वहिनी, चवच लागत नाही. बाई म्हणाल्या, "बाहेर पडतंय. जुनं आहे ना, पडताना त्रास होणारच." माझ्या बांधावरची घेटुळी, म्हणजे पुनर्नवा, उपटून नेऊन काढा केला. उपास वाढवले. पालेभाज्यांचे रस वाढवले. आणि शहाळी. माझ्याकडून शहाळी जायची, रोजची. शहाळ्यासारखं शुद्ध दुसरं काही नाही, त्यात माणसाचा हातही लागत नाही, असं त्या म्हणायच्या आणि मलाही ते पटायचं. आमच्या वसईत कोणाला पटणार नाही? आजारी माणसाकडे जाताना आम्ही दुसरं काय नेतो?

मुलगी ठाण्याला दिलेली. तिने येऊन बापाचं रक्त तपासून घेतलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या कामातून गेल्यात, मशीन लावावं लागेल, वेळ घालवू नका. बाईंनी साफ नाही म्हटलं. मुलगी माझ्याकडे रडत आली. "आबा, आई तुमचं ऐकेल." मी म्हणालो, तुझी आई देवाचंही ऐकायची नाही. तरी बोललो बाईंशी.

"मशीनला माणसाचं शरीर काय कळणार?" त्या म्हणाल्या. "एकदा लावलं की सुटत नाही म्हणतात. मी त्यांना असं नळीला बांधून ठेवू? मी त्यांना बरं करीन आबा. मी बरी झालेच ना?"

मिस्टरांना विचारलं तर म्हणाले, "ती म्हणेल तसं."

झालं. तिथे सगळे थांबले. मुलगी थांबली, मी थांबलो. माणसाचा जीव त्या दोघांच्या मधे असा ठेवलेला, आणि उचलायचा कोणी ते कळेना.

त्यानंतरच्या रविवारी वर्ग होता. मिस्टरही आले. फाटकापासून अंगणापर्यंत काय ते अंतर, पण मधे बावखलाच्या काठावर खाली बसले. छाती भात्यासारखी. चटयांवरची माणसं पोटावरच्या मातीसकट उठून बसली. कोणी म्हणालं पाणी द्या, कोणी म्हणालं शहाळं द्या. मी कोयता आणायला निघालो.

तेव्हा माझी बायको पुढे झाली. ती बाईंना कधी उलट बोललेली नव्हती. म्हणाली, "बाई, नवरा हाय तो तुमचा. वर्ग नाय. जरा बायकोसारखं बघा त्याच्याकडं."

बाई त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. चष्मा वर केला. "दाखवा," म्हणाल्या. मिस्टरांनी जीभ काढली. मी बाजूला उभा होतो, तोंडाचा वास मला आला. लघवीसारखा वास. बाई बघत राहिल्या. साचलंय म्हणाल्या नाहीत, काढायला हवं म्हणाल्या नाहीत. हाताने हनुवटी वर करून हळूच त्यांचं तोंड मिटवलं, पदराने ओठ पुसले आणि मान न वळवता मला म्हणाल्या,

"आबा, रिक्षा बोलवा."

हॉस्पिटलात मीही गेलो. डॉक्टर माझ्या नातवाच्या वयाचा. काय काय दिलं विचारत होता आणि बाई एकेक सांगत होत्या. काही लपवलं नाही. शहाळ्याचं नाव आलं तसा तो खुर्चीवरून उठला. "रोज? किडनी पेशंटला रोज नारळपाणी? हार्ट बंद पडलं असतं!"

मला राग आला. मी म्हणालो, "डॉक्टर, माझ्या वाडीतली शहाळी आहेत. खत नाही, फवारा नाही. वाईट असतील तर माझं नाव बदला."

तो जरा नरमला. "आजोबा, शहाळं तुमचं चांगलंच आहे. पण त्यात जे असतं ते बाहेर टाकायला किडनी लागते. यांची टाकत नाही. मग ते रक्तात साचतं."

साचतं. त्याने हाच शब्द वापरला. मी बाईंकडे बघितलं नाही.

मशीन लावलं तेव्हा आम्हाला आत जाऊ दिलं थोडा वेळ. लांब खोली, एका ओळीत खाटा. प्रत्येक खाटेशी एक मशीन, नळ्यांतून लाल रक्त फिरतंय. माणसं उताणी पडलेली, डोळे मिटून, गप्प. बाई दारातच थांबल्या. मग तिथल्या नर्सला त्यांनी विचारलं, "बाळ, ह्यातून काय निघतं?"

"घाण निघते आजी. रक्तातली."

"किती वेळात?"

"हे काय, बसतील आता चारेक तास. मग दोन दिवसांनी परत यायचं."

"परत का?"

"परत साचते ना."

बाई बाकड्यावर येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "मी जे सांगत होते तेच करतंय हो हे. आणि मला वाटलं, मी पुरेन."

मी त्यांना चहा आणून दिला आणि त्या प्यायल्या.

मिस्टरांना बरं वाटलं. जिभेला चव आली. पण आता पाणी मोजून. लघवी होत नाही तर प्यायलेलं जाणार कुठे? साऱ्या आचोळ्याला प्या-प्या म्हणून ओरडणाऱ्या बाईंच्या घरात औषधाच्या मापाने पाणी मिळायला लागलं. मी एकदा गेलो होतो. मिस्टर लाजत म्हणाले, "आबा, तुमच्या बावखलाचं स्वप्न पडतं. मी काठावर पालथा पडून पितोय." बाई जवळच होत्या. त्यांनी भांड्यात बर्फाचा एक लहान खडा टाकून त्यांच्या हातात दिला. "चघळा. गिळू नका लगेच." आणि ते चघळून होईपर्यंत समोर उभ्या राहिल्या.

वर्ग बंद झाला असं त्यांनी कधी सांगितलं नाही. मशीनच्या वारांत रविवार कधी यायचा, कधी नाही. माणसं फाटकाशी येऊन वाट बघायची. एकदा बाई आल्या. चटया टाकल्या. बँकेतला तो माणूस म्हणाला, यंदा मला मोठा उपास करायचाय. बाई म्हणाल्या, "करा. पण आधी रक्त तपासून या."

"डॉक्टरकडेच जायचं तर तुमच्याकडे कशाला यायचं, बाई?"

माती थापता थापता त्या थांबल्या. जीभ कोणाचीच बघितली नाही त्या दिवशी. पुढे ती माणसं दुसऱ्या कोणाकडे गेली. मोबाईलवरून हिरव्या पुड्या घरपोच मिळतात म्हणे, पोट आपोआप साफ. वाडीत यायचा त्रास नाही, ओकायचा नाही. कोणी रडून घ्यायचीही सोय नाही.

जाऊन-येऊन बाई थकल्या. रिक्षा, हॉस्पिटल, बाकडं, परत रिक्षा. केस एकदम पांढरे झाले. मुलगी म्हणाली, इथे कोण आहे तुमचं, माझ्याकडे चला, माझ्या घराजवळच मशीन आहे. फ्लॅट भाड्याने दिला आणि दोघं ठाण्याला गेली. निघायच्या दिवशी वाडीत आली. माझ्या बायकोने मिस्टरांना बोंबलाचा एक तुकडा दिला, मीठ न घालता. त्यांनी खाल्ला आणि अगदी मनापासून म्हणाले, छान झालाय वहिनी. बाईंनी तिकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

ठाण्याला मिस्टरांनी पुष्कळ दिवस काढले. आम्हाला वाटलं होतं त्याहून जास्त. मग एक दिवस मुलीचा फोन आला. मशीनवरच, झोपेत गेले.

आम्ही दोघं ठाण्याला गेलो. चांगलं मोठं घर, खाली सतरंजी, भिंतीशी फोटो. बाई आमच्याशी बोलल्या. वाडीचं विचारलं, सुनेचं विचारलं, माझ्या गुडघ्यांचं विचारलं. पोट कसं होतं ते विचारलं नाही. मग बोलता बोलता उठल्या आणि आत स्वयंपाकघरात गेल्या. दार लोटून घेतलं. पूर्ण मिटलं नाही, फटीतून मला दिसत होतं. भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरलेला, आणि घाईघाईने पाणी पीत होत्या. घोटाचा आवाज होऊ नये म्हणून मधे मधे थांबत होत्या.

मुलगी हळू आवाजात म्हणाली, "बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून अशी प्यायची. अजून तशीच पिते."

माझी बायको उठली, आत गेली, बाईंचं मनगट धरून त्यांना बाहेर घेऊन आली आणि आपल्याशेजारी सतरंजीवर बसवलं. "इथं बसून प्या आता. सगळ्यांच्या समोर प्या."

बाई बसल्या. भांडं दोन्ही हातांनी मांडीवर धरलेलं. अर्धं भरलेलं होतं. माणसं येत होती, नमस्कार करत होती, बाई मान हलवत होत्या. आमची निघायची वेळ झाली तेव्हा मी बघितलं. भांडं तसंच अर्धं होतं.